दुर्गम भागात नवउद्योग कसे फुलवावेत: नवशिक्या प्रोत्साहकांसाठी

ग्रामीण उद्योजकांना प्रोत्साहन द्यायचं तुमच्या मनात आलं आहे, हे छान झालं. या कामाला भांडवल लागत नाही. एक बिनबाह्यांचं जाकीट, एक लॅपटॉप आणि 'तळागाळातला' हा शब्द न अडखळता म्हणता आला की झालं. बाकीचं खाली दिलं आहे.

आधी दुर्गम भाग गाठा

सुरुवातीला विठ्ठलवाडी बरी. फोनवर नकाशा लावताना सांभाळा. पुण्यातही सिंहगड रस्त्यावर एक विठ्ठलवाडी आहे, आणि तिथे प्रोत्साहन देणारे आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत. आपली विठ्ठलवाडी म्हणजे कर्जतच्या बाजूला कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन. दादरच्या माणसाला कल्याणच्या पुढे सगळंच दुर्गम वाटतं. त्यामुळे काही प्रोत्साहक इथेच उतरतात, पुलावर उभं राहून चार फोटो काढतात आणि परतीची लोकल धरतात. हा आळस झाला. खरा दुर्गम भाग हवा असेल तर कल्याणहून मुरबाडची एसटी पकडा. कांबा, रायते, गोवेली करत मुरबाड येतं, तिथून पुढे सरळगाव, टोकावडे आणि मग माळशेजचा घाट. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जुलै 2019 च्या पुरात रायत्याजवळ उल्हास नदीने रस्ताच तोडला होता. असल्या गोष्टी आपल्या सादरीकरणात 'पुरवठा साखळीतील आव्हाने' या एका ओळीत बसतात. त्यासाठी गुडघाभर चिखल तुडवायची गरज नाही.

विठ्ठलवाडीला उतरल्यावर उल्हासनगरकडे फार बघू नका. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या रिकाम्या लष्करी बराकींत ठेवलं, 1949 मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, आणि त्या लोकांनी पापडापासून जीन्सपर्यंत सगळं करून विकलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुमच्या आजोबांनीही ऐकलेला असेल. त्यांना प्रोत्साहन द्यायला कोणी गेलं नव्हतं. (जीन्स धुतल्याचं पाणी वालधुनीत सोडू नका, हे सांगायलाही बरीच वर्षं कोणी गेलं नाही, ते वेगळं.) असली उदाहरणं नवशिक्याचा आत्मविश्वास घालवतात.

नावीन्य घरून न्या

गावाला काय हवं ते गावाला विचारत बसलात तर रस्ता, पाणी, एसटीची वेळ अशी जुनीच उत्तरं मिळतात. नावीन्य आपण घरून डब्यासारखं बांधून न्यायचं असतं.

मुरबाड तालुक्यातल्या धसईचा धडा घोकून ठेवा. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, तोच 1 डिसेंबर 2016 रोजी धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीनं दिली. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार स्वतः आले आणि कार्ड घासून त्यांनी तांदूळ विकत घेतले. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. प्रोत्साहकाने यानंतर थांबू नये. धसईच्या बाजाराला येणारं बरंचसं गिऱ्हाईक आसपासच्या पाड्यांवरचं, कनवटीला नोटा खोचून येणारं. त्यात रेंज कधी आहे, कधी नाही. बातमीदार पुढे पुन्हा गावात गेले तेव्हा मशीनं बाजूला पडली होती आणि व्यवहार रोखीने चालला होता. मग काही वर्षांनी क्यूआर कोडचे कागद आले आणि चहाच्या टपरीपासून भाजीच्या हातगाडीपर्यंत आपोआप चिकटले. त्यांचं उद्घाटन कोणी केलं नाही, सबब ते उदाहरण आपल्या उपयोगाचं नाही.

नावीन्यात काय धरू नये

जूनच्या सुमाराला कल्याण पट्ट्यातल्या स्टेशनांबाहेर आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. जांभळट तपकिरी कोंब, जुड्या बांधलेले. घरी नेऊन तसेच शिजवलेत तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. वरचं आवरण सोलायचं, देठाकडचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजीत आंबट काकडं घालायची, म्हणजे खाज मरते. हे बाईला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं, हेही तिला ठाऊक असतं. म्हणून जुडीबरोबर ती हिरव्या काकडांची मूठ ठेवते आणि कृती तोंडी सांगते. माल, त्यावरचा उतारा आणि वापराची माहिती एकाच टोपलीत, तेही पहाटेच्या गाडीने आणून, पालिकेची गाडी दिसली की दोन मिनिटांत गुंडाळता येईल अशा बेताने मांडलेलं.

याला नावीन्य म्हणू नका. तिच्याकडे लोगो नाही. तिला बसायला ओटा हवा आहे, म्हणजे ही पायाभूत सुविधांची बाब झाली आणि आपल्या कार्यकक्षेबाहेर गेली. तिच्याशी एकच गोष्ट करा: दहा रुपये कमी करायला लावा. बाजारपेठेतल्या स्पर्धेची तिला सवय होईल.

कोणी गुळवेल काढली तर

प्रत्येक कार्यशाळेत मागच्या रांगेत एक आगाऊ माणूस असतो. तो उठून शहापूरचं उदाहरण देतो. तयारीत असा.

गोष्ट अशी. शहापूर तालुक्यातल्या खरीवलीच्या कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल तोडून स्थानिक बाजारात विकायला सुरुवात केली. कातकरी म्हणजे पूर्वी खैराचा कात काढणारे. आता पावसाळा सरला की बयाणा घेऊन वीटभट्टीवर जाणारे. ही वेल त्यांना ओळख करून द्यावी लागली नाही. तोडायची, आठ-दहा दिवस वाळवायची, दळून पुडे भरायचे. प्रधानमंत्री वनधन योजनेतून केंद्र मिळालं. या योजनेत साधारण 300 जणांच्या केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत मिळते. पहिल्या दीड वर्षात त्यांनी साडेअठरा लाखांचा माल विकला, आणि पुढे डाबर, वैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून 1.57 कोटींची मागणी आली, असं सरकारनेच जाहीर केलं.

त्या आगाऊ माणसाचं म्हणणं असतं की कोणीतरी माल घेतला म्हणून हे चाललं. मागणी होती, भांडवल वेळेवर होतं, म्हणून पोरं भट्टीवर न जाता रानात गेली. यावर वाद घालू नका. 'फार प्रेरणादायी' म्हणा आणि पुढच्या स्लाइडवर जा. त्याचं म्हणणं पसरलं तर लोक तुमच्याकडे प्रोत्साहनाऐवजी ऑर्डर मागू लागतील.

कर्जाचा विषय

हा झटपट उरका. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी प्रवर्गानुसार 25 ते 35 टक्के अनुदान आहे, हा आकडा मोठ्याने सांगा. उरलेल्यातली बहुतेक रक्कम बँकेने कर्ज म्हणून द्यायची असते, हे हळू सांगा. बँकेचे साहेब प्रकल्प अहवाल मागतील. तो मुरबाडच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, फक्त आतलं 'मसाला' खोडून 'मशरूम' करून घ्यावं लागतं. एके ठिकाणी खोडायचं राहिलं तरी चालतं. सगळा अहवाल कोणी वाचत नाही.

समारोपाचं जेवण

कार्यशाळा 'खेळत्या भांडवलाचे व्यवस्थापन' या विषयावर ठेवा आणि जेवणाचं काम गावातल्याच महिला बचत गटाला द्या. अहवालात हे फार शोभून दिसतं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, नाचणीचे लाडू, माणसं साठ. सिलिंडर त्या उधारीवर आणतील, किराणा अध्यक्षबाई स्वतःच्या नावावर उचलतील. फोटोत त्यांना मधे उभं करा.

बिलाची घाई नको. सूक्ष्म उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करावेत असा 2006 चा कायदा आहे, म्हणून आधी त्यांची उद्यम नोंदणी आहे का ते विचारून ठेवा. बहुधा नसते. मग जीएसटी क्रमांकाचं विचारा, मग कोटेशन तीन का नाहीत ते विचारा. दिवाळीच्या आसपास अध्यक्षबाईंचा फोन येईल. उचला, आवाज ओळखीचा ठेवा, 'काय ताई, गट कसा चाललाय?' असं आधी तुम्हीच विचारा, आणि फाईल ठाण्याला गेली आहे म्हणून सांगा.