मा. एकवीस हजार रुपये यांस, दाभोळहून अनावृत पत्र

प्रति,
मा. रुपये २१,००० (वार्षिक, संपूर्ण कुटुंबाचे),
मुक्काम पोस्ट : संजय गांधी निराधार अनुदान योजना, महाराष्ट्र राज्य

विषय : बरे वाटू लागल्याबद्दल दिलगिरी

महोदय,

कळविण्यास अत्यंत खेद होतो की, दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी येथील एक खलाशी अर्धांगवायूतून सावरू लागला आहे. उजवा हात खांद्यापर्यंत वर जातो, बोलणं बरंचसं सुटलं आहे. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की धक्क्यावर काहीतरी हलकं काम धरावं, असा त्याचा बेत आहे. खलाशी काल्पनिक आहे. त्याला लागू होणारे नियम आणि आकडे मात्र अस्सल सरकारी आहेत. त्याला बरं वाटतंय हे घरच्यांना कळलं, त्यांनी चंडिकादेवीला नारळ दिला. तुम्हाला कळलं की अनुदान बंद होईल, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमची ओळख वाचकांना करून द्यायला हवी. निराधार योजना १९८० सालची. दिव्यांग, विधवा, अनाथ मुलं आणि कर्करोग, क्षय, पक्षाघातासारख्या आजारांनी कमाई थांबलेली माणसं, या साऱ्यांसाठी ती आहे. दिव्यांग सोडून इतरांना आर्थिक अट अशी, की घराचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं किंवा घराचं वर्षाचं उत्पन्न तुमच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, सगळ्या घराचे. अनुदान २०१९ मध्ये ६०० रुपयांचं १,००० झालं, २०२३ मध्ये १,५०० झालं. तुम्ही जागचे हलला नाहीत. डिझेल वाढलं, बर्फ वाढला, तुमची प्रकृती मात्र तशीच ठणठणीत.

तुम्हाला एक जुळा भाऊ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असतो आणि त्याचंही नाव २१,०००. फरक इतकाच, की तो महिन्याचा आहे. कारखान्यात महिन्याला २१,००० पर्यंत मिळवणाऱ्याला सरकार कमी पगाराचा मानतं आणि विम्याचं छत्र देतं. वर्षाला २१,००१ मिळवणाऱ्या घराला तुम्ही सुखवस्तू मानता. एकाच आईची लेकरं, पण संस्कार किती वेगळे!

आता एकाच वाडीतल्या तिघांना एकाच वर्षी पक्षाघाताचा झटका आला, असं समजू. पहिला एसटीत चालक. त्याच्या मदतीला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा धावतो. कलम २०(४) सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येणार नाही, खालच्या पदावर ढकलता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्या. तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करा. २००३ मध्ये ‘कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या कायद्यातल्या अशाच कलमाचा अर्थ लावला होता. पाय गमावलेल्या त्या जवानाला रुग्णता निवृत्तिवेतन दिलं, एवढ्यावर नोकरीचा हक्क मारता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं. पेन्शन आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे मान्य झालं. म्हणजे चालक गाडी नाही चालवणार, पण डेपोत टेबलामागे बसेल आणि पगार राहील.

दुसरा कारखान्यात, पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जाणारा. त्याला आजारपणात ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं. पक्षाघात दीर्घ आजारांच्या यादीत बसतो, त्यामुळे नोकरीची आणि वर्गणीची अट पुरी असेल तर पुढे ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ चालू राहू शकतो. लाभ घेत असताना मालकाला त्याला काढता येत नाही. मेख इथे आहे, की ज्या दिवशी तो कामावर जाईल त्या दिवसाचा लाभ नाही. चार तास बसून बघावं, जमतंय का ते ठरवावं, असा दिवस नियमाला ठाऊक नाही. एक तर अंथरूण, नाहीतर पूर्ण पाळी. त्यातही लाभ संपल्यावर तो उभा राहू शकला नाही तर? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने दीर्घ अनारोग्यामुळे नोकरीवरून कमी करणं हे ‘कामगार कपात’ या व्याख्येतूनच वगळलं होतं. कपात नाही, मग तिची भरपाईही नव्हती.

तिसरा आपला खलाशी. त्याला पगारचिठ्ठी नाही, हजेरीपट नाही. मासळीचा वाटा मिळतो, तोही मासळी लागली तर. मच्छीमारांसाठी केंद्राचा गट अपघात विमा आहे : मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः आल्यास अडीच लाख. पण अपघात हवा. लाटेने फळीवर आपटला असता तर कागद तरी झाला असता. याच्या मेंदूतली शीर आतल्या आत तुंबली, त्याला काय करणार?

म्हणून तो तुमच्याकडे आला. दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढलं तर याच योजनेत तुमच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या ५०,००० वार्षिकच्या, दारात उभं राहता येतं आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथे महिन्याला २,५०० रुपये मिळतात. हे त्याला खुणावत होतं. पण मेंदूच्या आजारात अपंगत्वाची टक्केवारी झटक्यानंतर सहा महिन्यांनी मोजायची, असा दंडक आहे. वैद्यकीयदृष्ट्या तो रास्त, कारण पहिल्या सहा महिन्यांत शरीर सर्वांत जास्त सुधारतं. चुलीला मात्र हे समजावणं अवघड जातं. सहा महिन्यांनी वैद्यकीय मंडळापुढे जायचं आणि तिथे ४० टक्के मिळवायचे. ३८ मिळाले तर दिव्यांगाचं कार्ड मिळेल, पण पांढऱ्या पट्टीचं. ४० पासून पट्टी पिवळी, ८० पासून निळी. केंद्राची पेन्शन तर ८० टक्क्यांखालच्याशी बोलतच नाही; बोलली तर ३०० रुपये म्हणते. तेव्हा फिजिओथेरपी बेताने करावी, असा सल्ला त्याला शेजारपाजारच्यांनी दिला आहे.

समजा, मंडळाने ४५ दिले आणि अनुदान सुरू झालं. आता धक्क्यावर मासळी निवडण्याचं, वजन लिहून घेण्याचं काम मिळतंय. मजुरी सरकारनेच ठरवलेली धरू : २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर, ३१२ रुपये रोज. महिन्याला १३ दिवस गेला तर वर्षाचे ४८,६७२ रुपये. मर्यादेच्या आत. अनुदानाचे ३०,००० मिळून ७८,६७२. उत्साहाच्या भरात १४ दिवस गेला, तर ५२,४१६. मर्यादा ओलांडली, अनुदान संपलं. महिन्याकाठी एक दिवस जादा राबून वर्षाला ३,७४४ कमावले आणि ३०,००० घालवले. प्रमाणपत्र ४० च्या खाली घसरलं आणि तो केवळ ‘आजारी’ म्हणून तुमच्याच ओसरीवर आला, तर हिशेब आणखी सोपा : ६८ दिवस. वर्षातले ६८ दिवस हमीच्या दराने काम केलं की माणूस निराधार राहत नाही.

दाभोळकरांना कागद आणि वस्तुस्थिती यांच्यातलं अंतर नवीन नाही. एन्रॉनच्या वीज कंपनीला नाव दाभोळचं होतं आणि प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला उभा राहिला. तरीही आजार आणि काम यांच्या मधल्या दिवसांना कुठल्याच अर्जात रकाना नसावा, याचं त्यांना नवल वाटतं. अमेरिकेत अपंगत्वाचा सामाजिक सुरक्षा विमा घेणाऱ्याला साठ महिन्यांत मिळून नऊ महिने काम करून बघता येतं. त्या काळात कितीही कमावलं तरी लाभ पूर्ण चालू राहतो. जर्मनीत डॉक्टर आणि मालक मिळून वेळापत्रक आखतात. आधी दोन-चार तास, मग सहा, मग पूर्ण दिवस. आणि तोवर आजारपणाचा भत्ता थांबत नाही.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बहिणींना मिळालं, चांगलं झालं. त्याच दीड हजारासाठी कर्करोगाच्या रुग्णाने मात्र २१,००० च्या आत राहायचं, एवढंच खटकतं. पीएम किसान आणि नमो शेतकरी या योजनांतून मिळून महिना १,००० रुपये पडणाऱ्या बहिणीला तिथे उरलेले ५०० दिले जातात. म्हणजे फरक काढून देण्याची वजाबाकी मंत्रालयाला येते. तीच निराधार योजनेत वापरावी. कामावर परतलेल्याचं अनुदान पहिलं वर्षभर तोडू नये. त्यानंतर मर्यादेवर मिळवलेल्या दर रुपयामागे पन्नास पैसे कापावेत. आणि काम झेपलं नाही तर नव्याने अर्ज न मागता जुनंच प्रकरण पुन्हा सुरू करावं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाला हे काम फार जड जाऊ नये.

तोपर्यंत आपली आज्ञा शिरसावंद्य. खलाशी महिन्यातून तेराच दिवस बरा राहील.

आपला कृपाभिलाषी,
एक लाभार्थी (तूर्तास)
दाभोळ

सोबत : १) हयातीचा दाखला. २) उत्पन्नाचा दाखला. ३) आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत. ४) फिजिओथेरपीची फाइल (कृपया उघडू नये). ५) चौदाव्या दिवसाची हजेरी (जोडलेली नाही).