सवारीभाऊ

भाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. बाजारात त्यांना सवारीभाऊच म्हणतात. नवी वस्तू आली की सगळ्यांआधी घेणारा असा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. तिरोड्यात एक, आमगावात एक. देवरीत दोन आहेत, म्हणून ते एकमेकांशी बोलत नाहीत. घरची राईस मिल लहान भाऊ सांभाळतो आणि हे नव्या वस्तू सांभाळतात. पेजर निघाला तेव्हा भाऊंनी लगेच घेतला होता. त्यावर निरोप पाठवील असं त्यांच्या ओळखीत कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

भाऊंचं आयुष्य बदललं ते गोंदियाजवळच्या बिरसीमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी केली. पुढे वैमानिकीचं शिक्षण घेणारी पोरं तिच्यावरून लहान विमानं उडवत राहिली आणि गोंदियाकर खालून बघत राहिले. लांबचा प्रवास म्हणजे मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस, नाहीतर थेट कोल्हापूर गाठणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस. मार्च २०२२ मध्ये बिरसीहून प्रवासी विमान सुटलं आणि भाऊंच्या लक्षात आलं, की विमानात बसणं आता कुणालाही जमणार. आपण वेगळे दिसायचं कसं?

उत्तर पार्सलनं आलं. बसून चालवायची बॅग! वरचा दांडा ओढला की हॅण्डल होतं, अंगठ्यानं बटण दाबलं की चाकातली मोटर फिरते आणि सूटकेस मालकाला घेऊन ताशी बारा-तेरा किलोमीटरनं निघते. भाऊंनी पहिली फेरी जयस्तंभ चौकात मारली. पाय उचलून, पाठ ताठ, चेहरा मिरवणुकीतल्या नवरदेवाचा. पानठेल्यावरून आवाज आला, "काहून जी भाऊ, ॲव्हरेज किती देते?" भाऊ थांबले नाहीत. थांबायचं बटण कोणतं, ते अजून पाहायचं होतं.

"परदेशात सगळे अशीच वापरतात," हे भाऊंचं ठेवणीतलं वाक्य. परदेश मात्र भाऊंच्या बाजूनं नाही. २०२४ मध्ये जपानातल्या काही विमानतळांनी प्रवाशांना बॅगेवर बसून फिरू नका असं सांगितलं. तिथल्या कायद्यात ही बॅग मोटरवाहनात मोडते. ओसाकात फुटपाथवरून ती विनापरवाना चालवणाऱ्या एका परदेशी बाईंवर कारवाईही झाली. हे कुणी सांगितलं की भाऊ म्हणतात, "म्हणजे गाडीच झाली ना!" आणि आणखी खूश होतात.

प्रवासाच्या दिवशी बिरसीला भाऊंची खरी परीक्षा. टर्मिनल एवढं आटोपशीर, की बॅगेवर बसून पाय उचलेपर्यंत काउंटर येतं. तरी भाऊ बसतात. मागून वहिनी साधी चारचाकी बॅग ढकलत येतात आणि पहिल्या पोचतात.

"सर, यात बॅटरी आहे?" काउंटरवरची मुलगी विचारते.

"आहे तर! लिथियम!" भाऊ अभिमानानं सांगतात. इथेच घोळ होतो.

बॅटरी काढावी लागते. भाऊ खाली बसतात, झाकण उघडतात, खटका दाबतात, नख मोडून घेतात. मुलगी बॅटरीवरचा आकडा वाचते: ७३ वॉट-अवर. शंभरापर्यंत चालते. शंभर ते एकशे साठ असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यावर प्रवाशाला नेताच येत नाही. काढलेली बॅटरी केबिनमध्ये, स्वतःजवळच ठेवायची. कारणही सरळ आहे. लिथियम बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये विझवायला माणसं असतात. खाली सामानाच्या पोटात ती कुणाला दिसतही नाही. बॅटरी निघतच नसेल, तर २०१८ पासून बहुतेक विमान कंपन्या तशी बॅग घेत नाहीत.

मग वजनकाटा. केबिनमध्ये साधारण सात किलोंची मुभा. भाऊंची बॅग रिकामीच नऊ-दहा किलोंची. त्यात पंख्याच्या लहान विमानात डोक्यावरचे कप्पे अरुंद. म्हणजे बॅग खाली जाणार आणि चेक-इनच्या पंधरा किलोंतले दहा एकटीच खाणार. भाऊंचे सदरे वहिनींच्या बॅगेत जातात.

"पैसे बसून जायचे दिले न् आता बॅटरी हातात धरून पायी चालून राहिले," वहिनी म्हणतात.

"नियम आहे," भाऊ गंभीर होतात. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा विचारतो, "काका, पॉवरबँक कुठे ठेवायची जी?" भाऊ एकदम फुलतात. पॉवरबँकही केबिनमध्येच, चेक-इनच्या बॅगेत नाही. नुसते एमएएच लिहिले असतील तर त्यांना व्होल्टनं गुणायचं आणि हजारानं भागायचं. वीस हजारवाली ३.७ व्होल्टची म्हणजे ७४ वॉट-अवर. पाच मिनिटांपूर्वी शिकलेलं ज्ञान भाऊ जन्मजात असल्यासारखं वाटतात.

भाऊंना हसायला सोपं आहे, पण असा माणूस गावाला लागतोच. आज गोंदियात वॉट-अवर कळणारे जे चार लोक आहेत, ते भाऊंच्या कृपेनं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आणि पुढचा व्हायची हौस ज्याला आहे तो हाच. तुम्हीही अशी बॅग घेणार असाल, तर बॅटरी निघते का, तिच्यावर आकडा किती आणि रिकाम्या बॅगेचं वजन किती, हे दुकानातच पाहा. एवढं पाहूनही घेतलीत, तर तुमच्या तालुक्यातले सवारीभाऊ तुम्हीच.