तुटले नाहीत, सुटले

गावच्या बांधावर केकताड माजलंय. त्याच्या वाखाचे दोर आजोबांच्या बैलांनी ओढून पाहिले, पण तुटले नाहीत. असा वाख पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवला तर पाट किती दणकट होईल, हे कळायला इंजिनिअर कशाला हवा? दुकानदार काचेची मॅट पुढे करत होता. मी स्वदेशीच्या तोऱ्यात ती नाकारली आणि नुसतं रेझिन आणि हार्डनर घेऊन आलो.

पाट देखणा झाला. भाऊबीजेला मेहुणे त्यावर ओवाळून घ्यायला बसले, बायकोनं निरांजन उचललं आणि कडाड! सगळे मेहुण्यांकडे धावले. पॉलिमर इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची तेवढी पाटाकडे धावली.

"मामा, तुझे धागे तुटलेच नाहीत. सुटलेत!"

खरंच, एका तुकड्यातून वाख बोटभर बाहेर आला होता, तोही अगदी कोरा. दुसऱ्या तुकड्यात त्याच्या जागी गुळगुळीत भोकं होती. भाची सांगू लागली. वाखातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ, तर रेझिनला पाण्याचं वावडं. त्यात धाग्यावर मेणाचा आणि पेक्टिनचा थर, म्हणजे तेलकट कपाळावर टिकली. पाटावरचा भार रेझिनकडून धाग्याकडे जातो तो या सांध्यातूनच. सांधाच धरला नाही तर धागा कितीही मजबूत असो, तो आत नुसता पडून राहतो. (मेहुणेही अजून पडूनच होते.)

उपाय होता कॉस्टिक सोड्याचा. साधारण ५ टक्क्यांच्या द्रावणात वाख भिजवायचा, धुवायचा, उरलेला सोडा थोड्या व्हिनेगरनं मारायचा आणि खडखडीत वाळवायचा. मेण जातं, पृष्ठभाग खरबरीत होतो, रेझिनला धरायला जागा मिळते. लँकेशायरच्या जॉन मर्सरनं १८४४ मध्ये कॉस्टिकचा सुतावरचा परिणाम हेरला आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. मर्सराइज्ड कापड ते हेच. पाचानं एवढं होतं तर विसानं किती होईल, असा विचार मर्सरला सुचला की नाही कोण जाणे. मला लगेच सुचला. त्यासाठी मी सासूबाईंचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं.

कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं, हे शाळेत शिकवतात. मी बहुधा त्या दिवशी क्रिकेट खेळत होतो. पातेलं फसफसलं, तापलं, काळं पडलं. नशीब, गॅस पेटवलेला नव्हता. सासूबाई मात्र पेटल्या. वाखही कामातून गेला, कारण सोडा जास्त झाला की मेणावर थांबत नाही, धागाच पोखरतो.

"आणि पकड अती घट्ट झाली तरी पंचाईतच," भाची म्हणाली. मग भेग धाग्यापाशी अडत नाही, त्यातून आरपार जाते आणि पाट ठिसूळ होतो. धागे थोडे सुटले तर त्यात धक्क्याची ताकद खर्ची पडते. म्हणजे सुटणंही हवं, पण बेतानं. हे तिनं भाऊबीजेलाच सांगितलं असतं तर मी मेहुण्यांना पटवलं असतं.

शेवटी तोरा गिळून काचेची मॅट आणली. आता मी जाणकार होतो: आधी पृष्ठभाग स्वच्छ! मॅट अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून मी खळखळून धुतली.

काचेचं गणित नेमकं उलटं. तिच्यावरचा लेप मळ नसतो. कारखान्यात धागा ओढतानाच तो चढवतात. वजनाला जेमतेम एखादा टक्का, पण त्यात सिलेन असतं, ज्याचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं रेझिनला. शिवाय मॅटचे तुकडे एकत्र ठेवणारा चिकटा वेगळाच. तो अ‍ॅसिटोननं विरघळवला. बादलीतून मॅट उचलायला गेलो तर हाती आला काचेचा पसारा, आणि तो मी उघड्या हातांनी कोपरापर्यंत कवळून बाहेर काढला.

रात्रभर खाजवून सकाळी दवाखाना गाठला. सोबत भाची होती. डॉक्टरांनी विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आहे ना. पाकिटावरच्या सूचना वाचायची."