उरले ते शहाणे

टेक्सासच्या उत्तर आणि मध्य भागात 1 सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. हा दिवस आठवड्याच्या मध्ये आला की ऑफिसातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतात. कोणाची आजी आजारी पडते, कोणाची दाढ दुखते. साहेब चौकशी करत नाहीत, कारण साहेबही जागेवर नसतात. कापलेल्या सूर्यफुलाच्या शेतांच्या कडेला मंडळी घामाने निथळत बसतात आणि होले थव्याथव्याने येतात. त्यांतले पुष्कळसे त्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेले असतात. बंदूक म्हणजे काय हे कळायच्या आतच ते कळण्याच्या पलीकडे जातात.

आमच्या शेजाऱ्यांना हा प्रकार पोरकट वाटतो. सप्टेंबरात होला मारणं ही शिकार नव्हे, किराणा आहे, असं त्यांचं मत. ते जातात डिसेंबरात. टेक्सासचा हंगाम तुकड्यातुकड्यांनी चालतो, आणि शेवटचा तुकडा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत जातो. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. तोवर निम्म्यांना हरणांचे वेध लागलेले असतात, निम्म्यांना फुटबॉलचे. मी मात्र शेजाऱ्यांबरोबर जातो. बंदुकीला हात लावत नाही. घडीचं स्टूल, थर्मास आणि त्यांची अब्रू सांभाळणं एवढं माझ्याकडे असतं.

डिसेंबरातला होला ही वेगळीच असामी आहे. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा पार करून मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखा तो सावध असतो. सरळ येत नाही, खालून येत नाही. शेततळ्यावर पाणी प्यायला उतरायचं तर आधी दूरच्या वठलेल्या झाडावर बसून सबंध परिसराची पाहणी करतो. स्टुलावर बसलेल्या माणसाने नाक खाजवलं तरी बेत रद्द. आणि एकदा निघाला की ताशी 80-90 किलोमीटर वेगाने, मध्येच दिशा बदलत. उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट आली की तिच्याबरोबर नवे पक्षी येतात. पण तेही वाटेतल्या राज्यांत शिकून आलेले.

हा सगळा खेळ कायद्याच्या चौकटीत चालतो, आणि चौकट भरभक्कम आहे. 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना टेक्सासात शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शेजारी त्याच्या आधीचे, म्हणून त्यांना सूट. ते हे अभिमानाने सांगतात. त्यांचा नेम पाहिल्यावर कायदा करणाऱ्यांनी थोडी घाई केली असं वाटतं. दिवसाला पंधरा पक्ष्यांची मर्यादा आहे. ती त्यांना तोंडपाठ आहे, पण तिच्याशी त्यांचा संबंध पाठांतरापुरताच. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं मावावीत असाही नियम आहे. तिन्हींची कामं ठरलेली असतात: पहिलं होल्याच्या मागे, दुसरं त्याच्याही मागे, तिसरं निषेधाचं.

एका काडतुसात साधारण चारशे बारीक छर्रे असतात. पक्ष्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. हे गणित मी शेजाऱ्यांना सांगत नाही.

नियम इतके कडक असायला कारण आहे. अमेरिकेत एके काळी पॅसेंजर पिजन नावाचे पारवे आभाळ झाकोळून टाकत. लोकांनी ते मारले, विकले, संपवले. शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तारीख 1 सप्टेंबर 1914. चार वर्षांनी स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा झाला, आणि आजही होल्यांचा हंगाम 1 सप्टेंबरच्या आधी उघडता येत नाही. हा योग कोणी मुद्दाम जुळवलेला नाही, पण पंचांग बघणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तो खटकतो. विस्कॉन्सिन राज्याने तर याच्याही पुढची मजल मारली. तिथे 1971 मध्ये ह्याच होल्याला शांततेचं अधिकृत प्रतीक ठरवलं आणि 2003 पासून त्याची शिकार सुरू केली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने शिकारीच्या बाजूने कौल दिला. प्रतीकही कायम आहे.

या सगळ्यात आपला एक गाववालाही आहे. मानेवर काळी कंठी असलेला, आपल्याकडे विजेच्या तारेवर बसून दुपारभर घुमणारा होला. 1970 च्या दशकात बाहामा बेटांवरच्या एका पक्षीविक्रेत्याकडून काही होले निसटले, तिथून फ्लोरिडात आले आणि पुढे अमेरिकाभर पसरले. ना व्हिसा, ना लॉटरी. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून केस पिकलेल्या माझ्यासारख्याला हे जरा लागतंच. पण भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे ज्याची शिकार करता येत नाही, त्याला टेक्सासात हंगामाचंही संरक्षण नाही आणि संख्येचंही नाही. परवाना असला की बारा महिने, हवे तेवढे मारा. माझं एच-वन त्या मानाने बरं म्हणायचं.

आम्ही थंडीत कुडकुडत शेततळ्याकडे टक लावून बसलेलो असताना होले असतात कुठे? आमच्या परसात. बायको तिथे रोज सूर्यफुलाच्या बिया टाकते, आणि खाली सांडलेल्या बिया टिपायला ते निवांत जमतात.

"अरे, तुझ्या त्या शेजाऱ्यांना सांग, इथे गच्चीत खुर्ची टाकून बसा म्हणावं," ती म्हणते. "चहा तरी गरम मिळेल."

सांगून उपयोग नाही. शेतात उगवलेलं सूर्यफूल कापून त्यावर आलेला होला मारणं कायदेशीर; पण मुद्दाम दाणे टाकलेल्या जागी बार काढणं हा केंद्रीय गुन्हा, आणि शेवटचा दाणा उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच समजली जाते. बायको एक दिवसही चुकवत नाही. तिने आमच्या परसाचं अभयारण्य केलंय, आणि तेसुद्धा एकही अर्ज न भरता.

चुकूनमाकून एखादा होला पडलाच, तर त्याच्या छातीचे दोन तुकडे निघतात. त्यांत हॅलापिनो मिरची भरून, भोवती बेकन गुंडाळून ते निखाऱ्यावर भाजायचे, ही टेक्सासची रीत. खाताना मिरची लागते, बेकन लागतं. होला बाहेर लागत नाही तसाच आतही लागत नाही.

पण शेजाऱ्यांना हसू नका. बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के कर बसतो आणि 1937 च्या एका कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या जतनासाठी राज्यांना वाटला जातो. पंधरा होले पंधरा बारांत पाडणारा नेमबाज या खात्यात चिल्लर टाकतो. शेजारी खोकेच्या खोके रिकामे करतात आणि पक्षीही सगळे शिल्लक ठेवतात. तेव्हा टेक्सासच्या होल्यांचं खरंच भलं व्हावं असं वाटत असेल, तर आमच्या शेजाऱ्यांना नाताळात काडतुसांचा एक खोका जरूर भेट द्या. पत्ता मी देतो.