माझी आजी, दहापैकी चार

परवा लोकलमध्ये एक गृहस्थ भेटले. कपाळाला हात लावून म्हणाले, "हल्लीच्या पोरांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत हो." मी मान डोलावली. लोकलच्या बाकावर चौथा बसलेल्या माणसाला मानेखेरीज दुसरं काही हलवता येत नाही.

घरी आलो तर कन्या मराठीची वही घेऊन दारातच उभी. पाचवीत आहे. 'माझी आजी' या विषयावर निबंध, दहापैकी चार. खाली लाल शाईत शेरा : 'विषयाला सोडून लिहिले आहे. पुन्हा लिहून आणणे. पालकांची सही.'

निबंध असा होता :

"माझी आजी आमच्याकडे राहते. तिचा एक गुडघा स्टीलचा आहे. तो विमानतळावर वाजतो. आजीला साखर आहे म्हणून आई आइस्क्रीम फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे लपवते. आजीला ते माहीत आहे. आजीला माहीत आहे हे मला माहीत आहे. आम्ही दोघी आईला सांगत नाही. आजी सिरियल बघताना रडते आणि जाहिरात लागली की लगेच थांबते. आजीला गोष्टी येत नाहीत, पण सोसायटीतली सगळी भांडणं येतात. दुपारी ती झोपली की मी कधीकधी तिचं पोट वरखाली होतंय का ते बघते."

वाचून मी गप्प झालो. इतकी वर्षं सदर लिहितोय, पण 'जाहिरात लागली की लगेच थांबते' हे वाक्य मला सुचलं नसतं. असूया गिळली आणि बाप या नात्याने विचार सुरू केला. चार मार्क! मग मराठी बाप अशा वेळी जे करतो तेच केलं. घरात समिती बसवली.

समितीपुढे पहिला पुरावा सौभाग्यवतींनी मांडला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी मम्मीने दहापैकी नऊवाला निबंध टाकला होता. त्यातल्या आजीचे केस कापसासारखे पांढरे, अंगावर नऊवारी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रात्री ती राजाराणीची गोष्ट सांगते आणि दिवसा लाडू वळते. खाली बाकीच्या मम्म्यांचे अंगठे होते. दोन दिवसांत ही आजी वर्गातल्या बेचाळीस वह्यांपैकी चाळीस वह्यांत राहायला गेली. या चाळीस पोरांच्या खऱ्या आज्यांपैकी निदान दोघी बँकेतून निवृत्त झाल्यात, एक रोज सकाळी पोहायला जाते आणि एक नगरसेवकपदाची निवडणूक हरली आहे, हे मला गणपतीतल्या आरत्यांमुळे माहीत आहे. वहीत मात्र सगळ्या नऊवारीत बसून लाडू वळतायत.

"चॅटजीपीटीला विचारू का?" मी म्हटलं. विचारलं. तीन सेकंदांत आजी आली. नऊवारी, चष्मा, लाडू. यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं गाइडं छापून आपणच त्याला हे लाडू भरवले आहेत.

समिती चालू असताना एक दुर्घटना घडली. सौभाग्यवतींनी मूळ निबंध आता पहिल्यांदाच नीट वाचला, उठून फ्रीजरकडे गेल्या, मटारची पिशवी बाजूला केली आणि डबा उघडून पाहिला. डबा तळाला लागला होता. त्या संध्याकाळी आइस्क्रीमचा मुक्काम हलला, आणि खरं लिहिल्यावर काय होतं हे कन्येला एका दिवसात दोनदा कळलं. आधी शाळेत, मग घरी.

शाळेत जाऊन बाईंना भेटलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण बाईंनी ती संधीच दिली नाही. "मला आवडला हो तुमच्या मुलीचा निबंध," त्या म्हणाल्या. "घरी नेऊन सासूबाईंना वाचून दाखवला. पण मुद्दे कुठे आहेत? प्रस्तावनेला दोन, वर्णनाला चार, स्वभावाला दोन, समारोपाला दोन. तिने आजीचा समारोपच केलेला नाही."

"देवाची कृपा," मी म्हणालो.

बाईंच्या टेबलावर तीन तुकड्यांच्या वह्या होत्या. शेजारी मतदारयाद्या आणि कसल्या तरी ऑनलाइन माहितीचा तक्ता, आजच भरायचा. एवढ्या आज्या रात्री जागून तपासायच्या म्हणजे सगळ्या एकसारख्या असलेल्या बऱ्या. शिंप्यालासुद्धा गणवेश शिवणं सोपं जातं. "शिवाय," बाई म्हणाल्या, "आतापासून सवय नको का? दहावीला काय करेल?"

दहावीचं नाव निघालं की पालकाची मान आपोआप खाली जाते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला असतात. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. कागदावर झकास आहे. शिवाय उताऱ्याखाली 'स्वमत' नावाची कृती असते. मुलाने स्वतःचं मत लिहायचं. ज्यांनी ही कल्पना काढली त्यांचा हेतू गंगेइतका शुद्ध होता, म्हणजे गंगोत्रीच्या आसपासच्या गंगेइतका. पुढे ती बाजारातून वाहू लागली. आता आदर्श स्वमतं छापील मिळतात. आमच्या शेजारचा दहावीतला मुलगा संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या मारत स्वतःचं मत पाठ करतो. त्या दिवशी मध्येच अडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईने आधार दिला, "मला असे वाटते की वृक्ष..." "हां हां," तो म्हणाला, आणि आपल्याला पुढे काय वाटतं ते त्याला आठवलं.

मुळात घोळ भाषेतच आहे. 'लिहायला शिकवणे' या एका क्रियापदात आपण तीन धंदे कोंबले आहेत. अक्षर वळणदार काढणं, ऱ्हस्वदीर्घ न चुकणं आणि मनातलं दुसऱ्याला कळेल असं सांगणं. पहिल्यासाठी दुरेघी वही मिळते. दुसऱ्यासाठी लाल पेन मिळतं. तिसऱ्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात काहीच मिळत नाही, त्यामुळे ते शिकवायचं राहून जातं. आमच्या लहानपणी 'शुद्धलेखन' म्हणजे रोज धड्यातलं एक पान जसंच्या तसं उतरवून काढणं. स्वतःचं एक अक्षर न घालता पान भरलं की ते शुद्ध. तर्क बिनचूक आहे. स्वतःचं आलं की अशुद्धी आलीच.

आमच्या आईला, म्हणजे निबंधाच्या विषयाला, या शुद्धीचा फार त्रास झालेला आहे. ती प्राथमिक शाळेत होती तेव्हा 'नांव' बरोबर होतं. टिंब विसरलं तर छडी. मग १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम आले आणि ज्याचा उच्चार होत नाही ते टिंब गेलं. १९७२ साली आणखी चार नियम आले, एकूण अठरा झाले. तोवर ती नोकरीला लागली होती. ज्या टिंबासाठी हातावर वळ उठले ते सरकारने परस्पर रद्द केलं, वळांची भरपाई काही दिली नाही. ती अजूनही किराण्याच्या यादीत 'गहूं' लिहिते. कन्येच्या मते आजीच्या गव्हात खडा राहिलाय.

लाल शाईचा हा आजार तसा जुना. १८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. पुढच्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती काढले. मराठी गद्याला त्यांनी दिलेली ऐट कुणी नाकारू नये. पण शास्त्रीबुवा पेशाने शाळामास्तर. फुल्यांचं लेखन हाती येताच त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि त्यांनी व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली. फुले विचारत होते की शूद्रातिशूद्रांना माणूस कधी समजणार, आणि वहीवर शेरा पडला तो भाषेचा. आज दीडशे वर्षांनीही ते पुस्तक छापलं जातं, वाचलं जातं, त्यावरून मारामाऱ्या होतात. त्या वेळी त्याला दहापैकी किती मिळाले होते हे मात्र मराठीच्या प्राध्यापकांनाच ठाऊक.

दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नाही असंही नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. मुलाने पाहिलेलं, हाताळलेलं, त्याच्या घरात घडलेलं हेच तिथे शिकण्याचं सामान. आम्हां पालकांना लीलाताईंबद्दल अपार आदर आहे. त्यांची पुस्तकं आमच्या दिवाणखान्यात दर्शनी फळीवर असतात. मुलांना आम्ही घालतो ते शंभर टक्के निकालवाल्या शाळेत. आदर आणि प्रवेश यांची खाती वेगळी ठेवलेली बरी.

तर पुन्हा निबंध लिहायचा होता. कन्या अडून बसली. नऊवारी घालता येईल, आजीला एक दिवस नेसवू, म्हणाली. चष्मा आहेच. गोष्टीचंही जमवू, भांडण ही पण गोष्टच. पण लाडूचं काय? आजी लाडू करत नाही. दिवाळीत कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोभर आणतो, पिशवीवर बिलसुद्धा चिकटवलेलं असतं.

"घरातल्या गोष्टी शाळेत लिहायच्या नसतात, बाळा," आई म्हणाली. आइस्क्रीमचं तिला लागलेलं होतं. "लाडूचं लिही. सगळ्यांना बरं वाटतं."

"पण तू करत नाहीस ना."

आईने दोन मिनिटं विचार केला. मग पदर खोचला आणि डाळीचं पीठ कुठे ठेवलंय असं विचारलं. नात खोटं लिहिणार नाही, मग आपणच खऱ्या व्हायला हवं, हा तिचा हिशेब. स्टीलचा गुडघा घेऊन ती तास-दीड तास गॅससमोर बेसन भाजत उभी राहिली. सौभाग्यवती मधून मधून डोकावत होत्या. "आई, बसा हो जरा." "तुम्ही बाहेर थांबा. मार्कांचा प्रश्न आहे." मावळ्याने खिंड अडवावी तसा तिने झारा धरला होता. तब्बल पंधरा वर्षांनी आमच्या घरात लाडू झाले, आणि झाले ते असे दगडासारखे की एक हातातून निसटला तो फरशीला टवका पाडून सोफ्याखाली घरंगळत गेला.

निबंध नव्याने लिहिला गेला. पांढरे केस, नऊवारी, चष्मा, गोष्ट, लाडू. शेवटी 'अशी माझी आजी मला खूप खूप आवडते', म्हणजे समारोप. नऊ मार्क मिळाले. एक अक्षराचा कापला. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. घरी सगळ्यांना आनंद झाला. कन्येने वही दप्तरात टाकली आणि टीव्ही लावला.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो तिला वाचायला दिला. घरात लिहिणाऱ्याला वाचक मिळत नाहीत, त्यामुळे मिळेल तो धरावा लागतो. तिने कंपासपेटीतून लाल पेन काढलं आणि मांडी घालून बसली.

"हे गृहस्थ कोण?"

"कोण गृहस्थ?"

"लोकलमधले. वही मिळाली त्या दिवशी तू घरीच होतास. सिलिंडर येणार होता."

"अगं, सदरात तसं लिहायची पद्धत असते. परवा एक गृहस्थ भेटले म्हणून."

"म्हणजे मुद्दा आहे?"

"हो. प्रस्तावना."

"मग दोन मार्क," असं म्हणून तिने समासात दोनचा आकडा घातला आणि पुढे वाचत गेली. फुले-चिपळूणकरांवरून झरझर गेली. लीलाताईंच्या परिच्छेदाशी थांबली आणि ही शाळा आपल्या इथून किती लांब आहे असं विचारलं. सातारच्याही पुढे, मी म्हणालो. मग लाडवांशी आली आणि तिने पेन टेकवलं.

"बाबा, दगडासारखे कुठे होते?"

"नव्हते?"

"तू बघितलेच नाहीस. तू फोनवर होतास. आजीचं तूप जास्त झालं म्हणून ते बसले. सगळे ताटात सपाट होऊन एकमेकांना चिकटले. आजी एकेकाला उचलून परत गोल करून उभा करत होती, पुढच्याला करेपर्यंत मागचा बसायचा. मग ती हसायला लागली. मग मी पण. आणि टवका कुठे पडलाय ते दाखव."

मी सोफा सरकवून पाहिला. टवका नव्हता. नऊ मार्कांच्या निबंधात हे बसलेले लाडू का नाहीत, असं विचारणार होतो, पण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

तिने सगळी पानं एकत्र केली, कोपरे जुळवले आणि शेवटच्या पानावर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : 'पुन्हा लिहून आणणे. पालकांची सही.'

सही घ्यायला मी आईला शोधत गेलो. खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होती, फ्रीजरचं दार उघडं. मला पाहून म्हणाली, "मटार बघत होते रे."