मुळात काय आहे...

पार्ल्यात निवृत्त प्राध्यापकांना तोटा नाही. टिळक मंदिरातल्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून वक्त्याचं एखादं साल चुकण्याची वाट बघणारे, दीनानाथच्या मध्यंतरात वडा खाता खाता नाटककाराचा पेपर तपासणारे, सगळे त्यांतलेच. आमचे सर वनस्पतिशास्त्राचे. खांद्याला शबनम, खिशात भिंग. मार्केटात पालकाचं पान उजेडाकडे धरून बघतात, म्हणून भाजीवाली त्यांना 'डॉक्टर' म्हणते. आपण त्यातले डॉक्टर नव्हे, हे सर तिला दर वेळी समजावतात. 'बरं डॉक्टर,' म्हणून ती जुडी पिशवीत टाकते.

सरांचं बोलणं 'मुळात काय आहे' इथून सुरू होतं. संपतं कुठे, हे अजून कुणी ऐकलेलं नाही. डोक्यावरून विमान गेलं की सर तर्जनी हवेत धरून थांबतात. आवाज विरला की 'तर कुठे होतो आपण?' असं विचारतात आणि सोडलं होतं त्याच्या चार वाक्यं मागून पुन्हा सुरू करतात. विमानतळ शेजारीच. त्यामुळे ऐकणारा फिरून फिरून तिथेच.

एकदा जिन्यात त्यांनी मला गाठलं. हातात काकूंनी दिलेली भाजीची यादी होती, कागदाच्या लांबट पट्टीवर लिहिलेली. मेथी, 'जून नको', बटाटे, 'मागच्या वेळी कोंब होते', कोथिंबीर.

"मुळात काय आहे, हे समज जनुकावरून उतरवलेलं आरएनए. भाज्या म्हणजे एक्सॉन, कामाचा मजकूर. मधल्या तुझ्या काकूच्या सूचना म्हणजे इंट्रॉन. पेशी त्या कापून टाकते." सरांनी सूचना खरोखरच फाडून खिशात घातल्या. काकू समोर असत्या तर ही हिंमत झाली नसती. "एरवी मेथीचं शेपूट बटाट्याच्या डोक्याला, बटाट्याचं कोथिंबिरीच्या डोक्याला, असं ओळीने जोडलं जातं. पण कधी कधी पुढच्याचं शेपूट उलटं वळून मागच्याच्या डोक्याला जोडलं जातं. बॅकस्प्लायसिंग!"

जोडायला काही मिळेना, तेव्हा सरांनी सोसायटीच्या फलकावरची टाचणी उपसली. पुनर्विकासाच्या सभेची नोटीस एका कोपऱ्यावर लोंबकळायला लागली. कोथिंबिरीचं शेपूट बटाट्याच्या डोक्याला टोचून त्यांनी कागदाचं कडं माझ्या नाकासमोर धरलं. मेथी बाजूला पडली.

"आता टोक दाखव! नाही ना? आरएनए कुरतडणारी बरीचशी विकरं टोकापासून खात येतात. इथे टोकच नाही, म्हणून हे जास्त टिकतं."

"पण सर, शेपूट उलटं वळतं कसं?" हा प्रश्न मी विचारायला नको होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच्या आनंदावरून कळलं.

"प्राण्यांत पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या इंट्रॉनमध्ये एकमेकांना पूरक मजकूर असतो. ते एकमेकांना चिकटतात आणि टोकं जवळ येतात. वनस्पतींत अशा जोड्या फारच कमी, तरी वर्तुळं होतातच. इथेच तर खरी गंमत..." विमान. तर्जनी. "तर कुठे होतो आपण? हां, बटाटे!"

मग १९७१. बटाटे चातीसारखे लांबोडके करणारा रोग नुसत्या उघड्या आरएनएमुळे होतो, हे अमेरिकेत डायनर यांनी दाखवलं. १९७६ साली जर्मनीत झेंगर आणि सहकाऱ्यांनी ते आरएनए बंद वर्तुळ असल्याचं सिद्ध केलं. "पण तो बाहेरून आलेला रोग. त्याची वर्तुळ होण्याची रीतही वेगळी. झाडाच्या स्वतःच्या जनुकांतली वर्तुळं कितीतरी उशिरा सापडली. कारण आरएनए गोळा करायचे ते शेपटीला धरून, आणि याला शेपूटच नाही!" २०१५ साली एका अभ्यासात एकट्या भातात अशी १२,०३७ सापडली. सर सदतीससकट सांगतात, आपण नुसतं 'बारा हजार' म्हटलं की दुरुस्त करतात.

हे बहुतेक सगळं सरांच्या निवृत्तीनंतरचं. जन्मभर शिकवलेल्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. नातवाकडून शोधनिबंध उतरवून घ्यायचे आणि मोबाइलवर भिंग धरून ओळ न् ओळ वाचायची, असा त्यांचा दुपारचा क्रम. झोपायचं सोडून. २०१७चा निबंध त्यांचा विशेष लाडका. फूल घडवणाऱ्या एका जनुकातून निघालेलं वर्तुळ त्याच जनुकाच्या डीएनएला जाऊन चिकटतं, पुढची काटछाट बदलतं आणि फुलातल्या पाकळ्यांची संख्या बदलू शकते, हे सांगताना सरांचा आवाज खाली येतो. तेवढ्यापुरतं मी त्यांना सगळं माफ करतो.

त्या दिवशी त्यांच्या घरी बटाटे आले, कोथिंबीर आली. मेथी आली नाही. काकूंनी तेव्हापासून यादी फोनवर पाठवायला सुरुवात केली आहे.

तुम्हालाही हे सर हनुमान रोडला कुठेतरी भेटतीलच. हातात बटाट्याची पिशवी असेल तर ती मागे धरा. प्रश्न विचारायचाच झाला तर प्राण्यांबद्दल विचारा. 'तो आपला विषय नव्हे,' म्हणून सर तिथेच थांबतात.