पाळण्याचे पारखी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मोठी खरेदी एकट्यानं करण्याची रीत नाही. बैल घ्यायचा असो, विहिरीवरची मोटार असो की लेकीसाठी स्थळ बघायचं असो, सोबत एक जाणता माणूस लागतो. हा जाणता माणूस नारायणगावात नाना असतो, ओतूरला तात्या, मंचरला अण्णा आणि घोडेगावात बापू. पांढरी टोपी, खिशात तंबाखूची पिशवी आणि ‘आधी मला विचारायचं ना’ हे पालुपद मात्र सगळीकडे सारखं. आपण सोयीसाठी त्यांना नाना म्हणू.

नानांची कीर्ती उभी आहे ती बैलांवर. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात त्यांनी नुसता जबडा उघडून बैलाचं वय सांगितलं आणि मालकानं निमूट मान डोलावली, अशा गोष्टी त्यांच्याबद्दल सांगतात. बहुतेक ते स्वतःच सांगतात. पण 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि घाट ओस पडले. शर्यतीचा बैल घेणारं गिऱ्हाईक आटलं. डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळेपर्यंत नानांची पारख मोकळी पडून राहिली, आणि मोकळी पारख माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्या सात-साडेसात वर्षांत नानांनी फ्रिज तपासले, सोफे तपासले, दोन-चार जावई तपासले. पाळणा त्यांच्या हाती लागला तो याच काळात.

स्वतःच्या चार लेकरांपैकी एकालाही त्यानं मान धरेपर्यंत नानांनी उचललेलं नव्हतं. पण अनुभव नसणं ही आपल्याकडे सल्ला द्यायला अडचण कधीच नव्हती. शिवाय पाळण्याच्या बाबतीत जुन्नरकरानं कमीपणा का घ्यावा? महाराज जन्मले शिवनेरीवर, 19 फेब्रुवारी 1630 ला. दर वर्षी त्या दिवशी गडावर शिवजन्माचा पाळणा हलतो, मुंबईहून मंत्री येतात, रस्ते तेवढ्यापुरते गुळगुळीत होतात. समोरच्या डोंगरात लेण्याद्रीचा गिरिजात्मज, म्हणजे गिरिजेचं बाळच. ‘‘एका अंगाला पाळणा, एका अंगाला बाळ, अन् मधी आपण,’’ असा नानांचा तालुक्याचा भूगोल आहे. पुढे वाद घालायला जागाच राहत नाही.

खरं म्हणजे पूर्वी पाळणा ही खरेदीची वस्तू नव्हतीच. भावकीत एखादा बरा लाकडी पाळणा असायचा, तो ज्या घरी पाळणा हलायचा असेल तिथं डोक्यावरून जायचा. घर बांधतानाच सुतार तुळईला दोन कड्या ठोकून ठेवायचा, मग त्या घरात लग्नाचं कुणी असो वा नसो. रानात तर आईचं जुनं लुगडं बाभळीला किंवा गाडीच्या दांड्यांना बांधलं की झोळी तयार. नाना स्वतः असल्या झोळीत वाढले. झोळीत तान्ह्या बाळाचं अंग कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चेपते, असं डॉक्टर सांगतात. नानांना हे सांगून पाहावं. ‘‘माझी हनुवटी बघा,’’ म्हणून ते ती पुढे करतात. पुरावा म्हणून ती हनुवटी भक्कमच आहे, पण ज्यांची वाट चेपली ते हनुवटी दाखवायला येत नाहीत.

आता घरं स्लॅबची झाली. खाली पीओपीचं छत, त्यात निळे दिवे. कडी अडकवायची कुठं? म्हणून पायावर उभा राहणारा, चाकांचा, कठड्यांचा पाळणा आला. बाळंतीण हिंजवडीत नोकरीला, पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पाळणा द्यायचा तो बाळाच्या आजोबांनी. तो पुढे पुण्याच्या फ्लॅटमध्ये जाणार, म्हणजे विहीणबाईंच्या नजरेखालून जाणार. त्यात बाळ जन्मायच्या आधी रिकामा पाळणा घरात आणायचा नाही, ही आणखी एक अट. म्हणजे जन्म आणि बारसं यांच्या मधल्या दिवसांतच निवड, घासाघीस, पिकअप, सगळं उरकायचं. अशा वेळी आजोबा गडबडतात आणि नानांना फोन करतात. नाना दुसऱ्या रिंगलाच उचलतात.

नारायणगावात फर्निचरच्या दुकानात नाना शिरतात तेव्हा विकणारा पोरगा मोबाइल खिशात ठेवतो. नाना आधी पाळण्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, बोलत नाहीत. मग कठडा धरून गदागदा हलवतात. लाकडावर नख ओढतात, वास घेतात. ‘‘रंग कुठला?’’ हा प्रश्न ते बैलाच्या शिंगांवरून शिकले. रंग लावलेलं शिंग म्हणजे काहीतरी झाकलंय. पण प्रश्न नेमका निघतो. दात येताना पोर कठडा चावत बसतं, आणि घरगुती रंगात शिसं दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पोरगा म्हणतो, ‘‘काका, इंपोर्टेड आहे.’’ नाना म्हणतात, ‘‘मी कुठला म्हणालो, कुठल्या देशाचा नाही.’’

मग येते ती प्रसिद्ध टोमॅटोची परीक्षा. नारायणगावचा माणूस खिशात टोमॅटो घेऊन फिरला तर कुणी वळून बघत नाही. नाना खिशातून एक नंबरचा टोमॅटो काढतात आणि दोन गजांच्या फटीला लावतात. आरपार गेला, तर पाळणा बाद. ‘‘टोमॅटो गेला म्हंजी पाय गेला, पायामागं कंबर गेली, अन् डोकं राहिलं हिकडं.’’ जगभरचे जाणकार दोन गजांमधलं अंतर साधारण सहा सेंटिमीटरच्या वर नको म्हणतात, आणि कारणही हेच देतात: बाळ पायांकडून निसटतं, डोकं अडकतं. चांगला टोमॅटोही तेवढाच असतो. फक्त जुलै 2023 मध्ये, बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता तेव्हा, नाना कांदा आणत. तेवढ्या किमतीची वस्तू दुकानात विसरायची भीती.

पुढे गादी. नाना तिच्यावर गुडघा टेकतात. गुडघा रुतला की तोंड वाकडं. पोरगा सांगतो, ‘‘मेमरी फोम आहे, काका. बाळाचा आकार लक्षात ठेवते.’’ नाना म्हणतात, ‘‘तिनं कशाला ठेवायचा? आईच्या लक्षात आहे.’’ मग गादी आणि कठडा यांच्या मधे दोन बोटं घालून बघतात. दोनापेक्षा जास्त बोटं मावली तर बाळाचं तोंड त्या खाचेत जाऊ शकतं. हे नानांना कुणी शिकवलं, देव जाणे, बहुधा गव्हाणीनं.

एक बाजू खाली सरकणारा पाळणा पोरगा मोठ्या कौतुकानं दाखवतो: बाळंतिणीला वाकायला नको, खटका दाबला की कठडा खाली. नाना खटका तीनदा दाबतात, चौथ्यांदा तो अर्ध्यात अडकतो. ‘‘ट्रॉलीचा फाळका आहे हा,’’ ते जाहीर करतात. आळेफाट्याच्या चढाला फाळक्याची खिट्टी निसटून कुणाचा कांदा कसा हायवेवर सांडला, ही कथा मग ऐकावी लागते. ती लांब आहे. पण अमेरिकेसारख्या देशानं असे सरकत्या कठड्यांचे पाळणे विकायला बंदी केली ती 2011 साली, लाखो पाळणे परत मागवून झाल्यावर, आणि काही बाळं निसटलेल्या कठड्याच्या फटीत जाऊन दगावल्यावर. त्यांच्याकडे कांद्याच्या ट्रॉल्या नसाव्यात.

आपोआप झोका देणाऱ्या विजेच्या पाळण्यापुढे मात्र नाना थबकतात. त्याला रिमोट आहे, त्यातून अंगाई वाजते. ‘‘लाइट गेल्यावर?’’ ते विचारतात. पोरगा म्हणतो, ‘‘बॅटरी बॅकअप.’’ ‘‘आन् बॅटरी गेल्यावर?’’ पोरगा थोडा विचार करून म्हणतो, ‘‘मग हातानं.’’ ‘‘मग आधीपासूनच हातानं,’’ म्हणून नाना पुढे सरकतात.

शेवटी साधा, रुंद पायांचा, चाकांना ब्रेक असलेला, न सरकणाऱ्या कठड्यांचा पाळणा ठरतो. आणि सौदा. नाना खांद्यावरचा पंचा काढून पोराच्या हातावर टाकतात आणि खालून त्याची बोटं धरतात. बैलबाजारात किंमत अशी बोटांवर ठरते, आजूबाजूच्यांना कळू द्यायची नाही म्हणून. पोरगा घाबरून हात मागे घेतो आणि भिंतीकडे बोट दाखवतो. तिथं क्यूआर कोड चिकटवलेला असतो.

इथवर नाना निर्दोष आहेत, हे मी मुद्दाम नोंदवतो. लाकूड, लोखंड, खिळा, खिट्टी यांत त्यांची नजर चुकत नाही. घोटाळा पुढे होतो. पाळणा घरी आला की नानांना, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच, तो रिकामा बघवत नाही. आपल्याकडे माया म्हणजे भर. पाहुण्याच्या ताटात रिकामी जागा दिसली तर यजमानाची मान खाली जाते. मग नातवाच्या पाळण्यात लाकूड कसं दिसू द्यायचं? बारशाला आजी मोहरीची उशी घेऊन येते, डोकं गोल व्हावं म्हणून. मावशी कठड्याला बांधायचे कापसाचे लोड आणते. मामा स्वतःएवढं अस्वल आणतो. आत्याचं दुपटं, चुलतीची गोधडी, वर चिमणाळं, उशाला काजळाची डबी. बाळाआधी वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्यात निजवतात. ती रीत नानांच्या मते पूर्वजांची लोड टेस्टिंग आहे. वरवंटा पास होतो, आत्या कानात कुर्र करून पाठीवर धपाटे खाते, गोविंद-गोपाळ उरकतात, घुगऱ्या वाटल्या जातात. या सगळ्या गर्दीत बाळ नेमकं कुठं ठेवलंय ते शोधावं लागतं.

दोन दिवसांनी आशाताई येतात. बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत त्यांना ठरलेल्या दिवशी घरी येऊन ते तपासायचं असतं. वजन, ताप, दूध ओढतंय का, सगळं वहीत. पिशवी खाली ठेवून त्या पाळण्यात डोकावतात आणि कामाला लागतात. उशी बाहेर. लोड बाहेर. अस्वल बाहेर. गोधडी बाहेर.

नाना ओट्यावरून उठून येतात. ‘‘आवो ताई, हे काय चाललंय? लेकराला लागंल ना लाकूड.’’

‘‘लागू द्या, नाना. लागलं तर रडेल. नाकावर उशी आली तर रडणारही नाही.’’

मग त्या सांगतात: बाळ उताणं निजवायचं, गादी सपाट आणि टणक, बाळ आईच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर, आणि अंथरूण मोकळं. पालथं निजवू नका ही मोहीम इंग्लंडनं 1991 मध्ये आणि अमेरिकेनं 1994 मध्ये काढली, त्यानंतर झोपेतच दगावणाऱ्या बाळांची संख्या तिकडे निम्म्याहून खाली आली. कठड्यांना बांधायचे लोड तर अमेरिकेनं 2022 साली कायद्यानंच बंद केले. ‘‘आणि बाळाच्या खोलीत विडी नको,’’ असं त्या शेवटी म्हणतात, कुणाकडेही न बघता. बाळाचे आजोबा छताकडे बघतात.

नानांना इंग्लंड-अमेरिका चालत नाही. ‘‘तिकडचं तिकडं. हिकडं थंडी, हिकडं बिबटे,’’ ते म्हणतात. बिबट्याचा संबंध काय, असं परगावच्या माणसाला वाटेल. पण आमच्याकडे कुठलाही वाद शेवटी बिबट्यावर जातो, आणि तो काही विनोद नाही. ऊस दाराशी आलाय, उसात बिबट्या राहतो, तिथंच मादी विते. उन्हाळ्यात पोराला अंगणात घेऊन निजणं संपलं. ऊसतोडणीच्या टोळ्यांची लेकरं फडाच्या कडेला झोळीत असतात, त्यांच्या आयांना डोळ्याला डोळा लावता येत नाही. त्यांच्यासाठी पाळणा निवडायला कोणी नाना जात नाही. असो.

आशाताई मात्र त्याच धाग्याला धरतात. ‘‘नाना, मागं फडात बछडे सापडले होते तेव्हा तुम्ही होता ना?’’

‘‘होतो म्हंजी? मीच फोन केला फॉरेस्टला.’’

तोड चालू असताना उसात बछडे सापडले की वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. नानांनी हे मोबाइलवर सगळ्या गावाला दाखवलंय.

‘‘मग क्रेटमध्ये उशी ठेवली होती का?’’

‘‘उशी कशाला?’’

‘‘लोड? गोधडी? अस्वल?’’

‘‘बिबट्याच्या पिल्लाला अस्वल?’’ नाना हसतात, आणि हसता हसता थांबतात. पाळण्याकडे बघतात. आत सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही. ‘‘मग आता ह्याच्यात ठेवायचं तरी काय?’’

‘‘बाळ,’’ आशाताई वहीत लिहिता लिहिता म्हणतात.

नाना हरले असं कुणाला वाटलं असेल तर त्याला नाना कळलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात मंचरच्या एका आजोबांनी त्यांना बोलावलं. मंचर हे अण्णांचं कार्यक्षेत्र, पण अण्णा आळंदीला गेले होते. दुकानात पाळणा सजवून ठेवला होता. आत उशी, दोन लोड, झालरीची रजई. नानांनी टोमॅटो लावला, गुडघा टेकला, बोटं घातली, आणि मग एकेक वस्तू उचलून काउंटरवर ठेवली. ‘‘पाळणा रिकामा पाहिजे. हे मी पयल्यापास्नं सांगतोय,’’ ते आजोबांना म्हणाले. आजोबांनी आदरानं मान हलवली. शेठजीही खूश झाले. जाणतं गिऱ्हाईक आलं म्हणाले.

‘‘उशी घेतली नाही,’’ नाना म्हणाले, ‘‘लोड घेतले नाहीत, रजई घेतली नाही.’’

‘‘बरोबर, नाना.’’

‘‘मग त्याचे पैसे वजा करा.’’

‘‘नाना, ते फ्री होतं.’’

‘‘फ्रीचंच वजा करा म्हणतोय,’’ नाना म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला.